डोक्यात जाणारी माणसं आणि तरीही ‘द ऑफिस’

‘द ऑफिस’ बघायला घेतलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या भागातच गळतात, आणि कारण जवळपास सगळ्यांचं एकच असतं: तो मॅनेजर डोक्यात जातो. तक्रार खोटी नाही. पहिल्याच भागात मायकेल स्कॉट नवीन आलेल्या टेम्पसमोर, म्हणजे तात्पुरत्या कर्मचाऱ्यासमोर, शायनिंग मारायची म्हणून रिसेप्शनवरच्या पॅमला केबिनमध्ये बोलावतो, पोस्ट-इटच्या चिठ्ठ्या चोरल्याचा आळ घेतो आणि तिला नोकरीवरून काढल्याचं सांगतो. ती रडायला लागते, तेव्हा हा दात काढत म्हणतो की गंमत केली. विनोदी मालिका म्हणून लावलेली असते आणि हसू येणं राहिलं बाजूला, आत शिरून त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटते.

त्यामुळे ‘मस्त आहे, बघ’ एवढी शिफारस या मालिकेला पुरत नाही. कुठून सुरू करायची, कुठला माणूस मुद्दाम डोक्यात जायला लिहिलाय, कुठला लेखकांच्या हातून सुटलाय आणि कुठले भाग सरळ ओलांडावेत, हे आधी कळलं तर ती पचते. आणि पचली की तिच्या जवळपास जाणाऱ्या विनोदी मालिका फार थोड्या उरतात.

आधी जुजबी माहिती. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर २४ मार्च २००५ ते १६ मे २०१३, नऊ सीझन, २०१ भाग. जाहिराती वगळून एक भाग साधारण २२ मिनिटांचा, म्हणजे सगळं मिळून सत्तर तासांच्या वर. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं स्क्रँटन हे गाव, तिथली डंडर मिफ्लिन या कागद विकणाऱ्या कंपनीची शाखा, आणि या शाखेवर माहितीपट करायला आलेली कॅमेऱ्याची टोळी. मागून हशा सोडलेला नाही. कॅमेरे हातात धरलेले, कधी खिडकीच्या पट्ट्यांमधून डोकावणारे. मधूनमधून एकेक पात्र एकटं बसून कॅमेऱ्याशी बोलतं. मायकेलचं काम स्टीव्ह कॅरेलनं केलंय. या भूमिकेसाठी त्याला एमीची नामांकनं सहा वेळा मिळाली, पुरस्कार एकदाही नाही. ही गोष्ट चाहते अजून विसरलेले नाहीत.

पहिला सीझन फक्त सहा भागांचा आहे आणि तोच सगळ्यात जड जातो. त्याचं कारण मूळ ब्रिटिश मालिकेत आहे. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांनी बीबीसीसाठी केलेलं मूळ ‘द ऑफिस’ २००१ ते २००३ मध्ये आलं. त्यात बारा भाग आणि शेवटी दोन भागांचा ख्रिसमस विशेष, एवढाच पसारा. तिथला मॅनेजर डेव्हिड ब्रेंट हा आत्मप्रौढीचा कळस आहे आणि लेखक त्याला जवळजवळ शेवटपर्यंत सूट देत नाहीत. चौदा भागांपुरतं ते चालतं. सात-आठ तास दुसऱ्याच्या वतीने लाज वाटून घेता येते. अमेरिकेत मात्र एका सीझनला वीस-बावीस भाग करायचे असतात आणि प्रेक्षकाने दर आठवड्याला आपणहून परत यावं लागतं. ग्रेग डॅनियल्सने अमेरिकन आवृत्ती उभी केली तेव्हा पहिल्या भागात मूळ संहिता जवळपास तशीच उचलली. जेलीत घातलेला स्टेपलरसुद्धा तोच. नतीजा असा की कॅरेल ब्रेंटचे कपडे घालून वावरल्यासारखा दिसतो. केस चापून बसवलेले, नजर थंड, आणि टोमण्यांमागे दुखावण्याखेरीज दुसरा हेतू दिसत नाही.

दुरुस्ती झाली ती दुसऱ्या सीझनमध्ये. मधल्या काळात, ऑगस्ट २००५ मध्ये कॅरेलचा एक चित्रपट जोरात चालला आणि या माणसावर प्रेक्षक जीव लावू शकतात हे लेखकांच्या लक्षात आलं. केस सुधारले, पण खरी कारागिरी लिखाणात झाली आणि ती कशी झाली हे दोन भागांत स्वच्छ दिसतं.

दुसऱ्या सीझनचा पहिला भाग ‘द डंडीज’. मायकेल दरवर्षी चिलीज या हॉटेलात स्टाफला बक्षिसं वाटतो. बक्षिसं फालतू, सूत्रसंचालन त्याहून फालतू, सगळे घड्याळाकडे बघत बसलेले. इथवर पहिल्या सीझनसारखंच. मग बारपाशी बसलेले दोघे-तिघे परके लोक त्याची टर उडवायला लागतात, त्याच्यावर काहीतरी फेकतात. मायकेल गप्प होतो, कार्यक्रम गुंडाळायला लागतो. आणि आतापर्यंत त्याच्यावर वैतागलेली पॅम, थोडी चढलेली, टाळ्या वाजवून त्याला पुढे चल म्हणते. मागोमाग बाकीचे. मायकेलमध्ये एका पैशाचा फरक पडलेला नाही; तो तेवढाच वाईट विनोद करतो. फरक पडलाय तो टेबलावर बसलेल्यांमध्ये. आमच्या माणसाला आम्ही नावं ठेवू, तुम्ही कोण? ही भावना कुठल्याही मराठी घरात समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरा भाग त्याच सीझनमधला ‘द क्लायंट’. सरकारी गिऱ्हाइकाबरोबरची मोठी मीटिंग मायकेल वरिष्ठांना न जुमानता चिलीजमध्ये हलवतो, तासन्‌तास नुसत्या गप्पा मारतो, तळलेला कांदा खातो, विनोद सांगतो. वरिष्ठ जॅन शेजारी बसून जळफळत असते. आणि मग गिऱ्हाईक पुरतं सैल झालंय हे हेरून तो अगदी सहज धंद्यावर येतो आणि ऑर्डर खिशात घालतो. हा माणूस मॅनेजर म्हणून नालायक असला तरी विक्रेता म्हणून पक्का आहे, हे इथे पहिल्यांदा कळतं. हे कळणं फार गरजेचं होतं. नाहीतर ‘याला अजून काढलं कसं नाही’ हा प्रश्न प्रत्येक भागात टोचत राहिला असता. पाचव्या सीझनमध्ये तो कंपनी सोडून स्वतःची कागद कंपनी काढतो आणि शेवटी जुन्या कंपनीशी घासाघीस करतो, तिथे हे बीज पुरतं वसूल होतं.

एवढ्यावरून एक कसोटी हाती लागते, आणि ती या मालिकेतल्या प्रत्येक पात्राला लावून बघण्यासारखी आहे: पात्र चुकीचं वागत असताना त्या खोलीतल्या कुणाला तरी ते दिसतंय का? ‘द ऑफिस’मध्ये हे दाखवायचं साधन म्हणजे कॅमेऱ्याकडे टाकलेली नजर. मायकेल काहीतरी बरळतो आणि विक्री विभागातला जिम हॅल्पर्ट मान किंचित वळवून थेट आपल्याकडे बघतो. एक शब्द नाही, भुवई वर जाते तेवढीच. त्या अर्ध्या सेकंदात आपल्या वैतागाला साक्षीदार मिळतो आणि वैतागाचं हसू होतं. जिमच कशाला, ऑस्कर बघतो, स्टॅन्ली शब्दकोड्यातून डोकं वर काढतो, पॅम ओठ आवळते. आपल्याकडच्या दैनंदिन मालिका नेमकं उलटं करतात. कारस्थान करणारी जाऊ किंवा नणंद फक्त प्रेक्षकाला दिसते आणि अख्खं घर महिनोन्‌महिने आंधळं असतं. तिथे चरफड साठत जाते, कारण ती साठावी हाच हेतू असतो. उद्या परत बघायला बसवायचं असतं.

ही कसोटी सगळ्यात कडक परिस्थितीत कशी टिकते ते बघायचं तर चौथ्या सीझनमधला ‘डिनर पार्टी’. लेखकांच्या संपामुळे तो सीझन चौदा भागांतच आटोपला, आणि संपानंतर एप्रिल २००८ मध्ये आलेला हा पहिला भाग. मायकेलच्या घरी जेवायला जायचं जिम आणि पॅम कित्येक दिवस टाळत असतात. तो सगळ्यांना शनिवार-रविवारच्या ओव्हरटाइमची खोटी ऑर्डर दाखवतो, सगळे आपापले बेत रद्द करतात, मग ऑर्डरच रद्द झाल्याचं जाहीर करतो आणि जिमला म्हणतो, आता मोकळाच आहेस ना? सुटकेची वाट बंद.

घरात जॅन (तीच वरिष्ठ, आता त्याच्याबरोबर राहणारी) आणि मायकेलचा संसार पाहुण्यांसमोर उसवत जातो. भिंतीवर दीड वीत टीव्ही, ज्याचं मायकेलला कोण कौतुक. तो भिंतीत आणखी मागे ढकलता येतो हेही दाखवतो. बेडच्या पायथ्याशी एक बाकडं, त्यावर हा झोपतो. जॅनचा मेणबत्त्यांचा धंदा, त्याचा वास घरभर. मांस शिजायला अजून तीन तास लागतील हे पाहुण्यांना पोटात कावळे ओरडत असताना कळतं. जॅन तिच्या जुन्या सहायकाच्या गाण्याची सीडी लावून स्वतःशीच डुलते. या भागात मोठा विनोदी प्रसंग म्हणावा असा कुठेच नाही. एकेक वस्तू दाखवली जाते आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक जुनं भांडण वर येतं. शेवटी जॅन डंडीची ट्रॉफी टीव्हीवर फेकून मारते. इतकं असूनही भाग बघवतो, कारण जिम आणि पॅम सतत तिथे आहेत, आणि त्यांना आपल्याइतकंच तिथून पळायचंय. जिम तर एका क्षणी घरी काहीतरी झाल्याची थाप मारून पॅमला मागे ठेवून सटकायला बघतो. मालिकेचा सर्वोत्कृष्ट भाग कुठला या वादात याचं नाव हमखास येतं, आणि ते रास्तच आहे. फक्त सुरुवात यापासून करू नका. माणसं ओळखीची नसतील तर हा भाग नुसता छळ वाटेल.

याउलट ‘स्कॉट्स टॉट्स’. सहावा सीझन, डिसेंबर २००९. मायकेलने दहा वर्षांपूर्वी एका गरीब वस्तीतल्या तिसरीच्या वर्गाला शब्द दिलेला असतो की तुम्ही शाळा पूर्ण केलीत तर कॉलेजची फी मी भरेन. मुलं आता शेवटच्या वर्षाला आहेत. त्याच्याकडे पैसे नाहीत, कधीच नव्हते. शाळेने त्याच्या नावाने खोली ठेवलेली, मुलांनी आभाराचं गाणं बसवलेलं, आणि हा फीऐवजी लॅपटॉपच्या बॅटऱ्या वाटतो. हा भाग बघवत नाही म्हणणाऱ्यांचा रेडिटवर वेगळा कट्टाच आहे.

हा का जमत नाही, यावर बरंच लिहिलं गेलंय. आमच्या मते अडचण मायकेलच्या वागण्यापेक्षा खोलीतल्या माणसांची आहे. एरवी त्याच्या मूर्खपणाची किंमत भरणारी माणसं पगारी, जाणती, कोडगी झालेली असतात. त्यांना त्याची सवय असते आणि संध्याकाळी पाच वाजता ती घरी जातात. इथे समोर मुलं आहेत, त्यांनी दहा वर्षं विश्वास ठेवलाय, आणि त्यांच्यातला कुणी कॅमेऱ्याकडे बघून भुवई उडवू शकत नाही. साक्षीदार नाहीत, फक्त बळी आहेत. लेखकांनाही हे जाणवलं असावं, कारण परतीच्या वाटेवर गाडीत पॅमनंतर आलेली रिसेप्शनिस्ट एरिन त्याला सांगते की या वर्गातली ९० टक्के मुलं शाळा पूर्ण करायच्या मार्गावर आहेत, बाकी शाळेपेक्षा जास्त, आणि तुम्ही शब्द दिला नसता तर त्यांतली बरीच मधेच गळली असती. ही मलमपट्टी आहे आणि पुरेशी नाही. ज्यांना दुसऱ्याच्या लाजेने घाम फुटतो त्यांनी हा भाग ओलांडावा. पुढच्या कथेत काही अडत नाही.

भारतीय प्रेक्षकाला खास टोचेल अशी जागा दुसऱ्याच भागात आहे. ‘डायव्हर्सिटी डे’मध्ये वंशभेदाचं प्रशिक्षण घ्यायला बाहेरून माणूस बोलावलेला असतो, कारण मायकेलनेच आधी घोळ घातलेला असतो. त्याचं प्रशिक्षण अपुरं वाटल्याने मायकेल स्वतःचं सुरू करतो, सगळ्यांच्या कपाळावर वेगवेगळ्या वंशांच्या चिठ्ठ्या चिकटवतो आणि केली कपूरसमोर किराणा दुकानदाराचा भारतीय उच्चार काढून दाखवतो. केली त्याच्या थोबाडीत ठेवून देते. पहिल्या सीझनमधली ही एकमेव जागा, जिथे बघणाऱ्याच्या मनातलं पडद्यावर लगेच घडतं. केलीचं काम करणारी मिंडी केलिंग मालिकेच्या लेखकांपैकी एक आहे हे लक्षात ठेवून हा भाग बघावा. तिसऱ्या सीझनमधला ‘दिवाली’ हा भागही तिनेच लिहिलाय. त्यात दिवाळी म्हणजे नक्की काय हे केलीला धड सांगता येत नाही, फक्त जेवण आणि नाच भारी असतात एवढं ती सांगते. परदेशात वाढलेल्या मुलांच्या आईबापांना हे ऐकून हसू आणि उमाळा दोन्ही येईल. त्याच पार्टीत मायकेल माइक हातात घेऊन भर गर्दीत मैत्रिणीला लग्नाची मागणी घालतो आणि नकार खातो. ज्या नात्याला धड सुरुवातही झालेली नाही, त्यात हा माणूस थेट मुलाबाळांपर्यंत पोचलेला असतो. दुसऱ्या सीझनमध्ये मुलांसमोर लावलेल्या त्याच्या लहानपणीच्या टीव्ही कार्यक्रमाच्या चित्रफितीत याचं मूळ आहे. छोटा मायकेल सांगतो की मला शंभर मुलं हवीत, म्हणजे शंभर मित्र होतील आणि कुणी नाही म्हणू शकणार नाही. खोलीत शांतता पसरते. एवढ्या एका वाक्यावर पुढची पाच वर्षं उभी आहेत.

आता जरा अप्रिय मुद्दा. पहिल्या फेरीत मायकेल डोक्यात जातो, दुसऱ्या फेरीत जिम. चाहत्यांमध्ये हे इतकं सरसकट घडतं की त्याला नियमच म्हणावं. जिम देखणा, हजरजबाबी, पॅमवर मूकपणे प्रेम करणारा; पहिल्या फेरीत आपण त्याच्याच खुर्चीत बसून मालिका बघतो. दुसऱ्यांदा बघताना दिसतं की हा काम फारसं करत नाही, शेजारच्या ड्वाइटला छळण्यात दिवस घालवतो, आणि स्वतःला या ऑफिसपेक्षा वरचा समजतो. तिसऱ्या सीझनमध्ये त्याची मैत्रीण कॅरन त्याच्यासाठी गाव बदलून स्क्रँटनला येते आणि शेवटी न्यूयॉर्कमध्येच राहते. हा परत येऊन पॅमला डेटसाठी विचारतो आणि आपण टाळ्या वाजवतो. पाचव्या सीझनमध्ये तो आईवडिलांचं जुनं घर पॅमला न विचारता विकत घेतो. घर! मालिका याला प्रेमाची खूण म्हणून दाखवते, पॅमही खूश होते. वरची कसोटी इथे लावली तर घोटाळा कुठे आहे ते लगेच कळतं. साक्षीदार स्वतःच चुकत असेल तर कॅमेऱ्याकडे बघायचं कुणी? जिमच्या चुकीच्या वेळी भुवई उडवणारं त्या ऑफिसात कुणी ठेवलेलंच नाही.

नवव्या सीझनमध्ये लेखकांनी हे भोक बुजवायचा प्रयत्न केला, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. जिम मित्रांबरोबर फिलाडेल्फियात क्रीडा-मार्केटिंगची कंपनी सुरू करतो, तेही पॅमला आधी न सांगता, आणि आठवड्यातले बरेच दिवस तिकडेच राहायला लागतो. ‘कस्टमर लॉयल्टी’ या भागात फोनवर दोघांचं भांडण होतं, फोन ठेवून पॅम रडते, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या मागचा माणूस पुढे येतो: आवाजाचा माइक धरणारा ब्रायन तिला धीर देतो. कल्पना धाडसी होती. जिमला बघणारा कुणीतरी हवा होता, तो त्यांनी टोळीतूनच काढला. पण ब्रायनचं पुढे काय करायचं हे त्यांना ठरवता आलं नाही आणि दोन-चार भागांत तो विरून गेला. तरी त्या सीझनमधली जिम-पॅमची भांडणं बघताना अस्वस्थ होणं आणि पहिल्या सीझनमध्ये मायकेलमुळे वैतागणं यांत फरक आहे. इथे दोघांचंही थोडंथोडं बरोबर असतं.

मालिकेची खरी चूक मात्र अँडी बर्नार्ड. तिसऱ्या सीझनमध्ये तो आला तेव्हा लाळघोट्या, कॉलेजच्या नावाचा जप करणारा, रागाने भिंतीला भोक पाडणारा असा होता. मजेशीर होता, कारण सगळे त्याला वैतागायचे. पुढे त्याला मवाळ केलं, प्रेमळ केलं, आठव्या सीझनमध्ये मॅनेजर केलं. मग एरिनसाठी त्याला फ्लोरिडापर्यंत गाडी हाकत पाठवलं, म्हणजे नायकच केलं. आणि नवव्या सीझनमध्ये तोच माणूस वडिलोपार्जित बोट विकायला म्हणून भावाबरोबर तीन महिने समुद्रावर जातो, एरिनची धड चौकशी करत नाही, आणि परत आल्यावर तिलाच दुखावतो. यामागचं कारण पडद्याबाहेरचं आहे: अँडीचं काम करणारा एड हेल्म्स तेव्हा एका चित्रपटाच्या शूटिंगमध्ये होता, म्हणून पात्राला कुठेतरी धाडणं भाग होतं. धाडायला हरकत नव्हती. पण परत आल्यावर त्याला अचानक पहिल्या सीझनचा मायकेल करून टाकला. प्रेक्षक दुष्ट माणूस सहन करतो, मूर्ख सहन करतो. दर वीस भागांनी ज्याचा स्वभाव बदलतो त्याच्यावर धड चिडताही येत नाही, कारण कुणावर चिडतोय हेच कळेनासं होतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. ड्वाइट श्रूट चमचा, हुकूमशाहीचा भक्त, बीट पिकवणारा शेतकरी. कसोटीला शंभर टक्के उतरतो, कारण अख्खं ऑफिस त्याला ओळखून आहे, आणि कामात तो खरोखर चोख आहे. रायन टेम्पचा साहेब होतो, मग घोटाळ्यात अटक होते, मग परत टेम्प. त्याच्या फुगवटीला मालिका दरवेळी टाचणी लावते, त्यामुळे तो जितका आगाऊ तितका मजेचा. अँजेला खडूस आहे आणि तशीच असायला हवी. टॉड पॅकर हा मायकेलचा मित्र दिसला की दोन मिनिटं पुढे ढकला. काही चुकणार नाही. एचआरवाल्या टोबीचा मायकेल विनाकारण दुस्वास करतो. तो विनोद पहिल्या पन्नास वेळा चालतो, नंतर शिळा होतो. गंमत अशी की टोबीचं काम करणारा पॉल लिबरस्टाइन काही सीझन मालिकेचा कर्ताधर्ताही होता, म्हणजे ही बोलणी त्याने स्वतःलाच बसवून घेतली. आठव्या सीझनमधली नेली थेट येऊन अँडीच्या खुर्चीत बसते आणि कुणी तिला उठवत नाही. वैताग येतो तो याचा, कारण इतक्या वर्षांत तयार झालेलं हे खमकं ऑफिस असं गप्प बसणं पटत नाही. त्याच सीझनमधला बडा साहेब रॉबर्ट कॅलिफोर्निया मात्र जेम्स स्पेडरने असा वठवलाय की तो आला की बाकी सीझनची मरगळ तेवढ्यापुरती जाते.

बघायची रीत अशी. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागापासून सुरुवात करा. पहिले सहा भाग तिसऱ्या सीझननंतर कधीतरी बघा, तेव्हा ते कुतूहल म्हणून बरे वाटतात. एका बैठकीत दोन, फार तर तीन भाग. ही मालिका आठवड्याला एक या हिशेबाने लिहिलेली आहे. मायकेलचा डोस सलग सहा-सात भाग घेतला तर त्याची पुनरावृत्ती टोचायला लागते, मालिकेचा त्यात दोष नाही. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी सबटायटल्स चालू ठेवा. निम्मे विनोद मागच्या टेबलावर पुटपुटलेले असतात. भाग लागण्याआधीचा एक-दीड मिनिटाचा तुकडा पुढे ढकलू नका, बऱ्याचदा तोच सगळ्यात चांगला असतो. आईवडिलांबरोबर बघायचा बेत असेल तर दुसऱ्या सीझनमधला ‘सेक्शुअल हॅरॅसमेंट’ आणि पॅकरचे भाग वगळा, आणि मायकेलच्या द्वयर्थी शेऱ्यांना तयारी ठेवा. ते कुठल्याही भागात येतात. शाळकरी मुलांसाठी ही नाही.

दुसरा सीझन संपेपर्यंत मायकेलबद्दल कणभरही जिव्हाळा वाटला नाही तर एक शेवटची संधी द्या: तिसऱ्या सीझनमधला ‘बिझनेस स्कूल’. पॅमच्या चित्रांचं छोटंसं प्रदर्शन असतं, ऑफिसातलं जवळपास कुणी फिरकत नाही. ऑस्कर येतो, पण त्याचा जोडीदार चित्रांना नाक मुरडतो आणि ते तिच्या कानावर पडतं. ती आवराआवर करत असताना मायकेल धापा टाकत येतो, ऑफिसच्या इमारतीचं साधंसं चित्र बघतो, किती हुबेहूब काढलंयस म्हणतो, मला तुझा अभिमान वाटतो म्हणतो आणि ते विकत घेतो. पॅमच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याच भागात काही वेळापूर्वी याच माणसाने रायनच्या वर्गात जाऊन पाठ्यपुस्तकाची पानं फाडलेली असतात. हे बघूनही मन द्रवलं नाही तर मालिका तुमच्यासाठी नाही, खुशाल सोडा.

सातव्या सीझनमध्ये, एप्रिल २०११ मधल्या ‘गुडबाय, मायकेल’नंतर थांबलात तर एक पूर्ण कथा बघितल्याचं समाधान मिळेल. पुढचं बघायचंच असेल तर आठवा सीझन वरवर चाळा आणि नवव्यातले शेवटचे तीन-चार भाग नीट बघा; ग्रेग डॅनियल्स त्या सीझनला परतला होता आणि शेवट त्याने जबाबदारीने केलाय. अमेरिकेत पीकॉकवर कापलेले प्रसंग परत जोडलेल्या लांब आवृत्त्या मिळतात, पण त्या दुसऱ्या फेरीसाठी. भारतात २०१९ मध्ये हॉटस्टारवर याची हिंदी आवृत्ती आली, मुकुल चड्ढा जगदीप चड्ढा या मॅनेजरच्या भूमिकेत, ऑफिस फरीदाबादचं. नट वाईट नाहीत. पण तिने अमेरिकन भाग जवळजवळ प्रसंगाला प्रसंग उचलले, अगदी तीच चूक जी अमेरिकनांनी ब्रिटिशांकडून घेताना पहिल्या भागात केली होती, आणि त्याच वर्षी दुसरा सीझन येऊनही तिचा प्रवास तिथेच थांबला.